भरतीचा पहिला अंक, आजाराचा शेवटचा अंक : माजी सैनिकाच्या सेवाजन्य आजाराचे दूरचित्रवाणीवरील चित्रण

प्रास्ताविक :

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आपल्या वडिलांचा एक कागद वाचून घेण्यासाठी विभागात आणला. वडील तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता गोदाकाठच्या मळ्यात कांदा आणि थोडी द्राक्षे करतात. कागद निवृत्तीच्या वेळी बसलेल्या वैद्यकीय मंडळाचा होता. 'प्राथमिक उच्च रक्तदाब, ३० टक्के, आजीवन' अशी नोंद आणि तिच्या पुढच्या रकान्यात चार इंग्रजी अक्षरे : एन.ए.एन.ए. सैन्यातील आणि न्यायाधिकरणातील बोलीत या अक्षरांचा उच्चार 'नाना' असा करतात. आजार लष्करी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असा त्याचा अर्थ. मराठी कानाला तो शेरा 'ना... ना...' असाच ऐकू येतो, आणि परिणामाच्या दृष्टीने तो तसाच असतो. शेऱ्याखाली कारण दिलेले होते : आजाराचा आरंभ शांतता क्षेत्रातील नेमणुकीत झाला.

"सर, आजार सुरू होताना आधी विचारून सुरू होतो का?" असे त्या विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न भाबडा वाटला तरी त्यात एक जुना आणि कठीण वाद सामावलेला आहे. सैनिकाच्या शरीरात वर्षानुवर्षे मुरलेला आजार आणि त्याची सेवा यांचा संबंध कोणी, कसा आणि कोणत्या भाषेत सिद्ध करायचा, हा तो वाद होय. पाश्चात्त्य देशांत विशेषतः १९८० नंतर या वादावर दूरचित्रवाणीसाठी नाट्ये लिहिली गेली व ती मोठ्या प्रेक्षकवर्गाने पाहिली. आपल्याकडे सैनिकावरील मालिकांची वाण नाही. पण निवृत्तीनंतर फायलीशी झुंजणारा आजारी सैनिक त्यांत जवळजवळ आढळत नाही. असे का झाले असावे आणि या अनुपस्थितीने आपले काय नुकसान होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकशास्त्राचा वा विधीचा अभ्यासक नाही. कथनाचा अभ्यासक आहे. त्यामुळे येथे नियमांकडेही एक प्रकारची कथा म्हणूनच पाहिले आहे.

देवळालीचा 'टॅप' :

विषय दूरदेशीचा वाटू नये म्हणून आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करतो. इंग्रजी भाषेत भ्रमिष्ट झालेल्या माणसासाठी 'डूलाली' असा एक बोलीतला शब्द आहे. तो आपल्या देवळालीवरून आला, हे आपल्यापैकी अनेकांना ऐकून ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळाली येथे ब्रिटिश फौजेची संक्रमण छावणी होती. सेवेची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे थांबत. सैन्याची ने-आण करणारी जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत हंगाम संपताच पुरी होई त्याला पुढचे कित्येक महिने तेथेच काढावे लागत. काम नाही, उन्हाळा कडक, दारू स्वस्त, हिवताप आणि गुप्तरोग जोडीला. अशा शिपायांचे जे होई त्याला त्यांचे सोबती 'डूलाली टॅप' म्हणत. यातील 'टॅप' म्हणजे हिंदुस्थानी 'तप', आपला 'ताप'. पुढे ताप गळून गेला आणि 'डूलाली' तेवढे राहिले.

या शब्दाची गंमत सांगून आपण थांबतो, पण तो नीट पाहिला तर त्यात एक निदान दडलेले आहे. त्या शिपायांना जे झाले ते लढाईत झाले नव्हते. ते सेवेच्या परिस्थितीने झाले होते : वाट पाहण्याने, उष्म्याने, एकटेपणाने. सोबत्यांनी ते ओळखले आणि त्याला ठिकाणाचे नावही दिले. मात्र ते नाव थट्टेच्या भाषेत राहिले. पहिल्या महायुद्धात चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' ही संज्ञा वापरली तेव्हा कोठे सैनिकाच्या मनोविकाराला वैद्यकीय लेखनात जागा मिळाली. आणि तीही पुढे लष्करी अधिकाऱ्यांना अडचणीची वाटू लागली, कारण संज्ञा मान्य केली की निवृत्तिवेतनाचा प्रश्न येतो.

देवळालीचा दूरचित्रवाणीशीही एक अनपेक्षित संबंध आहे. बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका चालली. तिच्या सुरुवातीच्या भागांचे कथास्थळ १९४५ मधील देवळालीतील तोफखान्याचा तळ हे होते. लेखकद्वयापैकी जिमी पेरी स्वतः तेथे तोफखान्याच्या करमणूक पथकात होते. चित्रीकरण अर्थातच इंग्लंडात झाले. त्यातील भारतीय सेवकाची मुख्य भूमिका एका गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली, यामुळे ही मालिका पुढे वादग्रस्त ठरली, आणि ते योग्यच झाले. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब वेगळी आहे. ज्या छावणीने सैनिकांच्या मानसिक आजाराला शब्द दिला, तिच्यावर आठ मालिकावर्षे हसण्यासारखे सापडले. त्या तापाकडे मात्र गंभीरपणे पाहण्याचे प्रयोजन कोणाला वाटले नाही. आज तेथे तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय आहे. फाळणीनंतर काकूल येथून ते देवळालीस आले, आणि भारतीय तोफखान्यातील पिढ्या तेथे घडल्या.

जखम दिसते, आजार सांगावा लागतो :

सैनिकाला गोळी लागली तर तारीख, वेळ, ठिकाण यांची नोंद होते. जखम आणि सेवा यांच्यामध्ये कोणतीही कथा घालावी लागत नाही. व्रण हाच पुरावा असतो. आजाराचे तसे नाही. त्याला आरंभाची तारीख नसते. त्याची कारणे अनेक असतात आणि त्यांपैकी बरीचशी मुलकी आयुष्यातही सापडतात. तोफांच्या आवाजाने कानाचे जे नुकसान होते ते हळूहळू होते. उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रथम हरवतात, माणसाला वर्षानुवर्षे ते जाणवतही नाही, आणि जाणवते तोवर वयही वाढलेले असते. मग हे तोफेने झाले की वयाने, असा प्रश्न उभा राहतो. रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, छिन्नमनस्कता यांच्याबाबतीत तर हा गुंता अधिकच. वैद्यकीय मंडळाच्या कागदावर अशा वेळी 'प्रकृतिजन्य' असा एक सोयीचा शब्द येतो. सैनिकाच्या शरीरातच दोष होता, असे तो सुचवतो.

म्हणूनच आजारी सैनिकाला आपली मागणी मांडताना कथा सांगावी लागते : मी असा होतो, येथे गेलो, हे घडले, आता असा आहे. कथनाच्या अभ्यासकाला येथे रस वाटतो तो याच कारणाने. कारणपरंपरा जोडून दाखवणे हे जसे निवृत्तिवेतनाच्या अर्जाचे काम आहे, तसेच ते नाटकाचेही आहे.

तीन अमेरिकन दूरचित्रपट :

अमेरिकी सैन्याने व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात जंगले व पिके उजाड करण्यासाठी वनस्पतिनाशकांची हवाई फवारणी केली. त्यांतील 'एजंट ऑरेंज' या मिश्रणात डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य होते. (फवारणी ज्यांच्या डोक्यावर झाली त्या व्हिएतनामी शेतकऱ्यांचे काय, हा प्रश्न पुढील सर्व चर्चेत फार थोड्यांना पडला, हे येथेच नोंदवून ठेवतो.) १९७७ मध्ये शिकागो येथील माजी सैनिक प्रशासनाच्या कार्यालयात लाभ-सल्लागार म्हणून काम करणाऱ्या मॉड डेव्हिक्टर या महिलेस कर्करोगाने आजारी असलेल्या एका माजी सैनिकाच्या पत्नीचा दूरध्वनी आला. तेथून तिने स्वतःच्या हिमतीवर अशा रुग्णांच्या नोंदी जमवण्यास आरंभ केला. मार्च १९७८ मध्ये शिकागोच्याच एका दूरचित्रवाणी केंद्रावरून पत्रकार बिल कर्टिस यांचा अनुबोधपट प्रसारित झाला आणि प्रश्न देशासमोर आला. रासायनिक कंपन्यांविरुद्धचा सामूहिक दावा मे १९८४ मध्ये १८ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. खटला उभा राहण्याच्या दिवशीच तो मिटला, त्यामुळे 'यांच्यामुळे हे झाले' असे कोणत्याही न्यायालयाने म्हटले नाही. पैसे मिळाले, मान्यता मिळाली नाही.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर १९८६ मध्ये एनबीसी वाहिनीवर 'अननॅचरल कॉजेस' हा दूरचित्रपट आला. पटकथा जॉन सेल्स यांची, दिग्दर्शन लॅमोंट जॉन्सन यांचे. विनोदी भूमिकांसाठी घराघरांत परिचित असलेला जॉन रिटर यात कर्करोगाने खंगत जाणाऱ्या माजी सैनिकाच्या भूमिकेत होता आणि आल्फ्री वुडर्ड हिने मॉड डेव्हिक्टर साकारली होती. या रचनेत एक मार्मिक निवड आहे. नाटकाचा कर्ता सैनिक नाही. कार्यालयातील एक कर्मचारी आहे. रणांगणाऐवजी टेबल, बंदुकीऐवजी फाइल, आणि शत्रू म्हणावा तर कोणी एक माणूस नव्हे, तर रकाना न भरणारी व्यवस्था. सैनिकाला आपला आजार आतून कळतो, पण इतर शेकडो जणांना तोच आजार आहे हे कळत नाही. ते ज्याच्या टेबलावर सर्व अर्ज येतात त्यालाच कळू शकते. वैयक्तिक दुःखाचे सार्वजनिक प्रश्नात रूपांतर होते ते अशा टेबलावर. व्यवस्थेच्या आतला एक माणूस मोजू लागतो, हीच येथील नाट्यमय घटना आहे. प्रत्यक्षातील डेव्हिक्टर यांची नोकरी पुढे गेली, हेही त्या नाट्याला धरूनच झाले म्हणायचे.

दुसरा दूरचित्रपट १९८८ मधला 'माय फादर, माय सन'. अॅडमिरल एल्मो झुमवॉल्ट हे व्हिएतनाममधील अमेरिकी नौदलाचे प्रमुख होते. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील नद्यांच्या काठांवर फवारणी करण्याचा निर्णय त्यांचा. काठावरच्या झाडीतून नौकांवर हल्ले होत आणि खलाशी मरत, म्हणून तो घेतलेला. त्याच नद्यांवर त्यांचा मुलगा एका गस्ती नौकेचा अधिकारी होता. पुढे मुलाला कर्करोग झाला, आणि नातवामध्ये जन्मजात व्यंग आढळले. बापलेकांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकावर हा दूरचित्रपट बेतला होता. कार्ल माल्डन आणि कीथ कॅराडाइन यांनी त्या भूमिका केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुलाचा मृत्यू झाला. अॅडमिरल अखेरपर्यंत असेच म्हणत राहिले की, त्या फवारणीने अनेक खलाशांचे प्राण वाचले, आणि पुन्हा तीच वेळ आली तर आपण तोच आदेश देऊ. प्रस्तुत लेखकास या तिन्हींमध्ये हीच कथा सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. येथे खलनायक नाही. आदेश योग्य होता आणि त्याने मुलगा मेला, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. माजी सैनिकाच्या मागणीचे खरे नैतिक अधिष्ठानही हेच आहे. राष्ट्राने चूक केली म्हणून नव्हे, तर राष्ट्राच्या कामासाठी हे शरीर खर्ची पडले म्हणून ही देणी द्यावयाची आहेत.

तिसरा, १९९८ मधील 'थँक्स ऑफ अ ग्रेटफुल नेशन'. 'शोटाइम' या सशुल्क वाहिनीवरील दोन भागांची ही नाट्यकृती १९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या गूढ आजारावर होती. थकवा, सांधेदुखी, स्मृतिभ्रंश, पुरळ अशी सुटी लक्षणे. एकत्र बसवायला नाव नाही. टेड डॅन्सन याने यात सिनेटच्या चौकशीसाठी काम करणाऱ्या तपासनीसाची भूमिका केली. इराकमधील खामिसिया येथे मार्च १९९१ मध्ये अमेरिकी सैनिकांनी जो दारूगोळा उडवला त्यात रासायनिक अस्त्रे होती, हे संरक्षण खात्याने जून १९९६ मध्ये मान्य केले होते. कलाकृती म्हणून हा दूरचित्रपट पहिल्या दोहोंच्या तोडीचा नाही. माहितीचा भार फार आणि पात्रे फार. पण ज्या आजाराला वैद्यकशास्त्र अद्याप नाव देत नव्हते त्याची बाजू नाट्याने घ्यावी, यातील जोखीम लक्षात घेतली पाहिजे. आखाती युद्धातील आजारांसंबंधीच्या शासकीय सल्लागार समितीने हा आजार खरा असल्याचा आणि युद्धात गेलेल्या सुमारे सात लाख सैनिकांपैकी किमान चौथ्या हिश्श्यास तो जडल्याचा निष्कर्ष काढला तो नोव्हेंबर २००८ मध्ये, म्हणजे दूरचित्रपटानंतर दहा वर्षांनी.

नाट्यामुळे कायदे झाले, असे म्हणणे धाडसाचे होईल. क्रम मात्र नोंदण्यासारखा आहे. फेब्रुवारी १९९१ मध्ये, आखाती युद्ध चालू असतानाच, अमेरिकेत एजंट ऑरेंज कायदा झाला. एक सैन्य रणांगणावर असताना त्याआधीच्या सैन्याचे देणे मान्य करणे राजकीयदृष्ट्या सोपे जाते, असे दिसते. या कायद्याने 'गृहीतक' आणले : अमुक काळी व्हिएतनाममध्ये होता आणि अमुक यादीतील आजार आहे, एवढे दाखवले की संबंध मानला जाईल. प्रत्येकाने प्रयोगशाळा घेऊन यायला नको. ऑगस्ट २०२२ मधील 'पॅक्ट' कायद्याने इराक-अफगाणिस्तानातील कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुराला हेच तत्त्व लावले.

भारतीय नियम : कथा कोठून सुरू होते?

आपल्याकडेही गृहीतक आहे. अनेकांना, खुद्द माजी सैनिकांनाही, ते ठाऊक नसते. सैन्याच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार, सेवेमुळे उद्भवलेली वा वाढलेली अक्षमता २० टक्के वा अधिक असल्यास अक्षमता-वेतन मिळते. पूर्ण अक्षमतेस ते अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि कमी टक्केवारीस त्या प्रमाणात. १९८२ च्या पात्रता नियमांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. एक, सेवेत दाखल होताना नोंदलेल्या दोषांव्यतिरिक्त सैनिकाची शारीरिक व मानसिक प्रकृती सुदृढ होती असे मानावे. दोन, पात्रता सिद्ध करण्याचा भार मागणी करणाऱ्यावर नाही आणि वाजवी संशयाचा फायदा त्यालाच मिळावा. नियम एवढा स्पष्ट असूनही व्यवहारात 'ना-ना' शेऱ्यांची परंपरा चालू राहिली. मंडळाने एका शब्दाचेही कारण न देता शेरा मारावा आणि वरच्या कार्यालयांनी तो तज्ज्ञांचे मत म्हणून शिरोधार्य मानावा, असा तो रिवाज होता.

सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात दिलेला निकाल या दृष्टीने मूलभूत मानला जातो. जून १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झालेला हा सैनिक सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर, १ एप्रिल १९९४ पासून, अपस्माराच्या कारणाने २० टक्के कायम अक्षमता दाखवून सेवेतून काढला गेला. आजाराचा सेवेशी संबंध नाही, असे मंडळाचे मत होते. न्यायालयाने विचारले ते एवढेच की, भरतीच्या वेळी या आजाराची नोंद होती काय? नव्हती. आणि भरतीच्या तपासणीत तो लक्षात येण्याजोगा नव्हता, असे मंडळाने कारणे देऊन म्हटले आहे काय? तेही नव्हते. मग आजार सेवेत उद्भवला असेच मानावे लागेल. २०१४ मधील सुखविंदर सिंग प्रकरणात हेच तत्त्व अधिक ठामपणे मांडले गेले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राम अवतार प्रकरणातील निकालाने टक्केवारी वरच्या टप्प्यास पूर्णांकित करण्याचा लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. त्यायोगे २० ते ५० टक्क्यांदरम्यानची अक्षमता ५० टक्के धरली जाते. दाद मागण्याची जागाही बदलली होती : २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले, ते २००९ मध्ये काम करू लागले, आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. दरम्यान २००८ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रता नियम नव्याने करण्यात आले. अखेरच्या नियमांवर माजी सैनिकांकडून बरीच टीका झाली. निवृत्तीची तारीख कोणत्या नियमांखाली येते हे म्हणूनच प्रथम पाहावे लागते.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकी गृहीतक ठिकाणापासून सुरू होते : तू कोठे होतास? भारतीय गृहीतक भरतीपासून सुरू होते : तू आलास तेव्हा कसा होतास? म्हणजे आपल्या नियमांनुसार आजारी सैनिकाच्या कथेचा पहिला प्रवेश रणांगण नव्हे, सियाचीन नव्हे, तर भरतीचे मैदान हा आहे. छाती मोजणारा, डोळे-कान तपासणारा आणि 'फिट' असा शिक्का मारणारा डॉक्टर हा त्या कथेतील पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार.

मराठी पडद्यावरील पहिला अंक :

आणि नेमका हाच प्रवेश आपल्या दूरचित्रवाणीने मन लावून रंगवला आहे. दूरदर्शनवरील १९८८ ची चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही मालिका शौर्यकथांची; १९८९ ची 'फौजी' प्रशिक्षणार्थींच्या मैत्रीची. झी मराठीवर मे २०१७ ते जून २०१९ या काळात चाललेली 'लागिरं झालं जी' ही तर सातारा जिल्ह्याच्या मातीतली. तेजपाल वाघ यांच्या लेखणीतून उतरलेला अजिंक्य फौजेत जाण्याच्या ध्यासाने झपाटलेला आहे, आणि शीतलवरचे त्याचे प्रेम त्या ध्यासात गुंफलेले आहे. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे, घरच्यांची घालमेल, गावाचा अभिमान हे सारे त्या मालिकेने अस्सल बोलीत पकडले. आमच्या निफाड तालुक्यातही त्या दिवसांत पहाटे धावणारी पोरे मालिकेचे शीर्षकगीत भ्रमणध्वनीवर लावून धावत. या मालिकेला कमी लेखण्याचा हेतू नाही. मात्र तिचा गाभा भरतीचे स्वप्न हा आहे. 'फिट' हा शब्द तेथे मुक्कामाचे ठिकाण असतो; कायद्याच्या दृष्टीने तो प्रवासाचे पहिले पान आहे. मराठी मालिकेने पहिला अंक उत्तम लिहिला आणि शेवटच्या अंकाकडे पाहिलेच नाही.

शेवटच्या अंकाच्या जवळ जाणाऱ्या कृती मोजक्या आहेत, आणि त्या जखमेच्या आहेत. २०२१ मधील 'जीत की ज़िद' ही हिंदी वेबमालिका पक्षाघाताने खिळलेल्या एका अधिकाऱ्याच्या सत्यकथेवर आधारित. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांची कथा जून २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' या चित्रपटातून आली. ईएमई कोअरमधील हे जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये पद्मश्री आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. वृद्ध पेटकर आपल्याला डावलल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जातात, अशा चौकटीत चित्रपट सांगितला आहे. 'मान्यता मागणारा माजी सैनिक' ही प्रतिमा मराठी माणसाच्या निमित्ताने मोठ्या पडद्यावर आली ती अशी. पण तेथे मान्यता मागितली आहे ती विक्रमाची. पाठीतील गोळीला कोणी 'ना-ना' म्हणू शकत नव्हते. सुवर्णपदक न मिळवता रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या हवालदाराची कथा कोणत्या चौकटीत सांगावी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

या अनुपस्थितीची काही कारणे सांगता येतील. आपल्याकडील दैनंदिन मालिका कुटुंबकेंद्री आहे, आणि तिला रोज एक दृश्य संघर्ष लागतो. अपीलाची मुदत, दुसरे अपील, तारीख यांत तसे दृश्य नाही. अमेरिकेतील वरील कृती दोन-तीन तासांत संपणाऱ्या दूरचित्रपटांच्या रूपात होत्या. तो आकृतिबंध आपल्या वाहिन्यांवर मूळ धरू शकला नाही. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. सैनिकाबद्दलचा आपला आदर त्याच्या निरोगी देहाशी बांधलेला आहे. आजारी सैनिक, विशेषतः मनाने आजारी सैनिक, त्या आदरात बसत नाही. आणि शासनाकडे पैसे मागणारा सैनिक तर मुळीच नाही. जून २०१५ मध्ये 'एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन' या मागणीसाठी जंतरमंतरवर बसलेल्या वृद्ध सैनिकांकडे पाहताना मध्यमवर्गीय प्रेक्षकाचा जो संकोच झाला, तो याच जातीचा होता. शिवाय ज्या घरांत असा आजार आहे ती घरे स्वतःच तो झाकतात, हेही विसरून चालणार नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी वडिलांचा 'मेंटल'चा कागद कपाटातून बाहेर निघत नाही.

बीबीसीने मे १९८८ मध्ये प्रसारित केलेल्या 'टंबलडाउन' या नाट्याचा येथे उल्लेख करणे योग्य होईल. फॉकलंड युद्धात डोक्याला गोळी लागलेल्या रॉबर्ट लॉरेन्स या तरुण अधिकाऱ्याची ती कथा होती. तीही जखमेचीच, पण जखमेपेक्षा जखमेनंतरच्या वागणुकीवर तिचा भर होता आणि म्हणून तिच्यावर मोठे वादळ उठले. विजयाच्या समारंभात जखमी सैनिकाला कोठे बसवले, असा साधा प्रश्न तिने विचारला होता. आपल्याकडे पुण्याजवळ खडकी येथे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे, क्वीन मेरीज तांत्रिक संस्था तर १९१७ पासूनची, आणि पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. म्हणजे साहित्य हाताशी आहे. एका बसच्या अंतरावर आहे.

एक अर्ज :

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांसाठी आम्ही अपीलाचा मसुदा करावयास बसलो. जिल्ह्याच्या गावी एका निवृत्त सुभेदारांनी दिशा दाखवली होती. उशीर झाला असला तरी निवृत्तिवेतनाची हानी दर महिन्यास नव्याने होत असते, म्हणून मागणी अगदीच बाद होत नाही. २००८ च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी मात्र साधारणतः अर्जापूर्वीच्या ३ वर्षांपुरतीच मिळते, हेही त्यांनीच सांगितले. पहिला परिच्छेद कशाने सुरू करावा, असा प्रश्न आला. हवालदारसाहेबांचे मत, उंचावरील नेमणुकीने सुरू करावा. ती दोन वर्षे शांतता क्षेत्राच्या अगदी आधीची होती आणि डोके तेव्हापासूनच दुखू लागले होते. ते खरेच होते आणि अर्जात ते यायलाही हवे होते. मी म्हटले, ते दुसऱ्या परिच्छेदात घेऊ, आधी भरतीचे सांगा.

ते थोडे थांबले. एवढा वेळ आजाराविषयी ते तुटक बोलत होते. बायकोने हटकले म्हणून गोळ्या चालू ठेवल्या, यापलीकडे काही सांगत नव्हते. भरतीचे विचारताच मात्र खुर्चीत सरसावून बसले. आदल्या रात्री नाशिक रोडच्या फलाटावर काढलेली झोप, पायांत उसनवारीचे बूट, सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत पुढे काढलेली चार पोरे, छाती फुगवताना रोखलेला श्वास. मुलाने हे कधी ऐकले नसावे. तो लिहायचे सोडून पाहत राहिला.

"डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, दोनदा हवा भरली," ते म्हणाले, "अन् पाठीवर थाप मारून म्हणले, एकदम फिट."

"तारीख आठवते?" मी विचारले.

त्यांनी दिवस, महिना, साल, तिन्ही सांगितले. मुलाने ते पहिल्या ओळीत लिहून घेतले.